स्नॅप रोल : एलिव्हेटर मारण्याचे आणि सोडण्याचे तंत्र

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानांच्या कसरत स्पर्धेत स्नॅप रोलचे, म्हणजे वेगात असताना मॉडेलला झटक्याने गरकन फिरवण्याच्या कसरतीचे, गुण गेले, की वैमानिक बहुधा शेवटाला दोष देतो. पंख आडवे झाले नाहीत, मॉडेल दहा अंश जास्त फिरले, नाक थोडे डावीकडे राहिले, अशी कारणे सांगितली जातात. माझ्या पाहण्यात मात्र मोठे गुण जातात ते पहिल्या दशांश सेकंदात, मॉडेल फिरू लागण्याच्या आधी, आणि त्यामागे रेडिओच्या दोन्ही स्टिक (नियंत्रणाच्या दांड्या) एकदम कोपऱ्यात फेकण्याची सवय असते. ती सवय मोडून स्नॅप रोल पायरीपायरीने कसा घडवावा, याविषयी हा लेख आहे. उदाहरणे प्रामुख्याने एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या कसरत वर्गातील, म्हणजे जास्तीत जास्त २ मीटर पंखविस्ताराच्या, २ मीटर लांबीच्या आणि ५ किलो वजनाच्या मॉडेलची घेतली आहेत. खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्या इमॅक वर्गात जिथे फरक पडतो, तिथे तसा उल्लेख केला आहे. साधा रोल आणि ४५ अंशांची सरळ रेघ ज्यांच्या हातात बसली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. ज्यांची रेघच अजून वाकते, त्यांनी स्नॅप रोल काही महिने पुढे ढकलला तरी काही बिघडत नाही.

परीक्षक काय पाहतात

एफ३ए वर्गाच्या नियमांनुसार फिरणे सुरू होण्यापूर्वी मॉडेलचे नाक उड्डाणमार्गापासून स्पष्टपणे सुटलेले दिसले पाहिजे, कारण संपूर्ण स्नॅपभर पंख स्टॉल अवस्थेत, म्हणजे हवेची पकड सुटून उचल घटलेल्या अवस्थेत, असणे अपेक्षित आहे. नाक न सुटता मॉडेल मार्गाभोवती घरंगळले, म्हणजे त्याचा बॅरल रोल झाला, तर पाचपेक्षा जास्त गुण कापले जातात. साध्या रोलला स्नॅपचे सोंग दिले तरी तीच शिक्षा आहे. फिरता फिरता मध्येच पंख स्टॉलमधून बाहेर आले, तर उरलेल्या फिरण्यासाठी दर १५ अंशांना १ गुण या हिशेबाने वजाबाकी होते, आणि शेवटी पंख जितके अंश चुकतात त्यालाही हाच हिशेब लागू पडतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की शेवटी १५ अंश चुकलेला पण खरा स्नॅप १० पैकी ९ गुणांपर्यंत जाऊ शकतो, तर घड्याळाच्या काट्यासारखा अचूक थांबलेला पण नाक न सुटलेला रोल ५ गुणांच्याही खाली राहतो. सरावाचा वेळ कशावर खर्च करायचा, हे या आकड्यांवरून ठरवावे.

इमॅकमध्ये कोनाच्या चुकीचा हिशेब अधिक कडक, म्हणजे दर ५ अंशांना अर्धा गुण असा आहे. शिवाय तिथे स्नॅप पॉझिटिव्ह (नाक वर खेचून केलेला) की निगेटिव्ह (नाक खाली ढकलून केलेला) हे आकृतीतच ठरलेले असते; अरेस्टी पद्धतीच्या (कसरती चिन्हांनी लिहिण्याच्या) आकृतीत पोकळ त्रिकोण पॉझिटिव्ह आणि भरलेला त्रिकोण निगेटिव्ह स्नॅप दाखवतो, आणि उलट प्रकार उडवल्यास शून्य मिळतो. एफ३ए वर्गात ही निवड वैमानिकाची असते. आरंभी पॉझिटिव्हच शिकावा असे माझे मत आहे, कारण निगेटिव्हमध्ये हातांची दिशा उलटसुलट होते. त्याविषयी पुढे येईलच.

पंख स्टॉल कसा होतो

स्नॅप रोल म्हणजे वेगात असताना, चालू मार्गावरच केलेला स्पिन (स्टॉलमधली गिरकी) होय. एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप, झटक्याने खेचला, की पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन मर्यादेपलीकडे जातो आणि पंख स्टॉल होतो. त्याच वेळी रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) मॉडेल उजवीकडे वळवले, तर उजवा पंख मागे पडून त्याचा वेग कमी होतो आणि मॉडेल त्या बाजूला कलू लागते. खाली जाणाऱ्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो. परंतु स्टॉलपलीकडे कोन वाढला की उचल वाढत नाही, घटते, म्हणून तो पंख अधिकच खाली जातो. वर जाणाऱ्या पंखाचा कोन घटल्यामुळे त्याची उचल मात्र बऱ्यापैकी टिकते. हे चक्र एकदा सुरू झाले की मॉडेल स्वतःच फिरत राहते, आणि परीक्षकाला नेमके हेच स्वतः फिरणे पाहायचे असते.

इथे वेगाचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे, कारण स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एखादे ५ किलोचे मॉडेल सरळ उड्डाणात ताशी ४० किलोमीटरला स्टॉल होते. ताशी ८० किलोमीटरला त्याच पंखाला स्टॉल करायचे, तर वेग दुप्पट झाल्यामुळे भार चौपट, म्हणजे ४ जी होतो आणि पंखांवर २० किलोंचा ताण येतो. ताशी १२० किलोमीटरला तोच भार ९ जी, म्हणजे ४५ किलो होतो. प्रत्यक्षात इतक्या वेगात एलिव्हेटर अपुरा पडतो, पंख स्टॉल होतच नाही आणि मॉडेल रुंद बॅरल रोल काढते. त्यामुळे थ्रॉटल वाढवून स्नॅप 'जोरदार' होईल ही समजूत सोडून द्यावी. आडव्या रेघेवर मी स्नॅपच्या आधी थ्रॉटल जरा खाली घेतो आणि फिरणे सुरू झाल्यावर पुन्हा वाढवतो, म्हणजे बाहेर पडताना मॉडेल लोंबत नाही.

एलेरॉनविषयी, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या, मॉडेल कलवणाऱ्या झडपांविषयी, मोठा गैरसमज आढळतो. उजव्या स्नॅपमध्ये उजवीकडे एलेरॉन दिला, की उजव्या पंखावरचा एलेरॉन वर जातो आणि त्या पंखाचा प्रभावी कोन कमी होतो, म्हणजे ज्या पंखाला खोल स्टॉल ठेवायचे आहे त्यालाच आपण सोडवू पाहतो. त्यामुळे एलेरॉन आधी आणि पूर्ण दिला तर मॉडेल झपकन फिरते खरे, पण फिरते ते एलेरॉनच्या जोरावर, आणि अनुभवी परीक्षकाला ते तत्काळ कळते. एलेरॉनचा उपयोग फिरण्याला गती देण्यापुरता, तोही उशिरा आणि बेताने करावा.

मॉडेलची तयारी

रेडिओवर स्नॅपसाठी स्वतंत्र फ्लाइट मोड (हालचालींच्या आकड्यांचा वेगळा संच) ठेवावा आणि तो स्वतःच्या बोटाने चालू-बंद करावा. नेहमीच्या उड्डाणासाठी एलिव्हेटरची हालचाल १० ते १२ अंश असेल, तर स्नॅपसाठी १५ अंशांपासून सुरुवात करता येते. रडर २५ ते ३० अंश पुरतो. हे माझ्या मॉडेलवरचे सुरुवातीचे आकडे आहेत आणि खरा आकडा पुढे दिलेल्या चाचणीतूनच मिळतो. या मोडमध्ये एलिव्हेटरचा एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मंद करणारी सोय) कमी ठेवावा, नाहीतर स्टिकच्या पहिल्या निम्म्या प्रवासात काहीच घडत नाही आणि नाक सुटण्याऐवजी हळूहळू वर चढते. बटण दाबले की ठराविक वेळ स्नॅप होऊन आपोआप थांबावा, अशी स्वयंचलित वेळेची सोय काही रेडिओंमध्ये असते. एफ३ए वर्गात तिला मनाई आहे, तशीच मॉडेल स्थिर ठेवणाऱ्या जायरोलाही.

गुरुत्वमध्य फार पुढे असला तर नाक सुटायला मॉडेल नाखूश असते, पण थांबते स्वच्छ. फार मागे असला तर स्नॅप सहज सुरू होतो आणि थांबवताना पाव फेरी जास्त होते. दोन्ही पंखांचा तोल, दोन्ही एलिव्हेटरांची समान हालचाल आणि सांध्यांतला ढिलेपणा या गोष्टी साध्या उड्डाणात लपून राहतात आणि स्नॅपमध्ये उघड्या पडतात. माझे एक जुने मॉडेल जोरात एलिव्हेटर खेचला की नेमाने डावीकडे कलायचे. दोन आठवडे मी उजव्या पंखाच्या टोकाला वजनाच्या पट्ट्या लावत बसलो. शेवटी एका संध्याकाळी शेपटीचा भाग हातात धरून दोन्ही एलिव्हेटर बोटाने हलवले, तेव्हा उजवा जवळजवळ ३ मिलिमीटर ढिला लागला. त्याच्या हॉर्नचा, म्हणजे एलिव्हेटर हलवणारी दांडी जोडतात त्या खुंटीचा, सांधा मीच घाईत चिकटवला होता, आणि तो भाराखाली मागे सरकत होता. तेव्हापासून स्नॅपच्या सरावाच्या दिवशी प्रत्येक तिसऱ्या उड्डाणानंतर एलिव्हेटर, हॉर्न आणि पंखांची मधली नळी हाताने तपासण्याचा नियम मी पाळतो. सर्व सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकाच क्षणी पूर्ण भाराने चालण्याचा प्रसंगही इथेच येतो, म्हणून रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज त्या क्षणी किती खाली जातो, हे टेलिमेट्रीवर (मॉडेलकडून रेडिओवर येणाऱ्या माहितीत) एकदा तरी पाहून ठेवावे.

ऋतूचाही परिणाम होतो. पुण्याच्या आसपास, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, जानेवारीच्या सकाळी १२ अंश तापमानात जमवलेला स्नॅप मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांत तसाच येत नाही, कारण हवा सुमारे ८ टक्के विरळ झालेली असते आणि स्टॉलचा प्रत्यक्ष वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. त्या दिवशी हाताला दोष देण्यापूर्वी उष्णता लक्षात घ्यावी.

सरावाचा क्रम

पहिली चाचणी फक्त एलिव्हेटरची आहे. पुरेशा उंचीवर, नेहमीच्या वेगात, पंख आडवे ठेवून एलिव्हेटर झटक्याने पूर्ण खेचावा आणि काय होते ते पाहावे. मॉडेल नुसतेच आवळलेला लूप (उभे वर्तुळ) घेऊ लागले, तर हालचाल अपुरी आहे. ती एकेका अंशाने वाढवावी. नाक झटक्यात वर होऊन मॉडेल थरथरले, एखादा पंख पडू लागला, पण मार्ग अजून जवळजवळ सरळच राहिला, तर आपल्याला हवे ते मिळाले. मॉडेल जागच्या जागी उभे राहून वेग पार मरत असेल, तर हालचाल जास्त झाली आहे. प्रत्येक वेळी पंख एकाच बाजूला पडत असेल, तर पुढे न जाता वर सांगितलेली तपासणी करावी. या एका चाचणीवर मी एक संपूर्ण दिवस घालवतो आणि तो वाया गेला असे मला कधीच वाटलेले नाही.

दुसऱ्या पायरीत त्यात फक्त रडर मिळवावा, एलेरॉन अजिबात देऊ नये. पंख खरोखर स्टॉल होत असेल, तर एलिव्हेटर आणि रडर एवढ्यावर मॉडेल स्वतः फिरू लागते, भले जरा आळसटलेले फिरो. एलेरॉनशिवाय ते फिरतच नसेल, तर आजवर आपण जे उडवत होतो तो स्नॅप नव्हता, हे मान्य करून पहिल्या चाचणीकडे परतावे.

आता वेळेचा प्रश्न येतो. मोड २ च्या रेडिओवर एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या हातात असतात, रडर डाव्या हातात असतो. एलिव्हेटर आधी जाईल, रडर त्याच्या मागोमाग सुमारे दशांश सेकंदात येईल, आणि एलेरॉन सर्वांत शेवटी. तबला ऐकणाऱ्याला हे एका वाक्यात सांगता येते : दोन्ही हात एकदम पडले की 'धा' वाजतो, इथे आधी उजव्या हाताचा 'ना' आणि त्याला चिकटून डाव्या हाताचा 'गे' यायला हवा. अंतर फार पडले तर नाक वर चढत राहते, मॉडेल मार्ग सोडते आणि स्नॅप वरच्या पातळीवर जाऊन संपतो. अंतर पडलेच नाही तर नाक सुटलेले परीक्षकाला दिसत नाही.

त्यानंतरची कृती बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते या तंत्राचा गाभा तीच आहे. फिरणे सुरू होताच एलिव्हेटर अर्ध्यापर्यंत, काही मॉडेलवर एक तृतीयांशापर्यंत, मागे घ्यावा. एलिव्हेटरचे काम पंख स्टॉल करण्याचे होते आणि ते झालेले आहे. पुढे तो पूर्ण दाबून ठेवला, तर मॉडेल स्वतःचाच वेग खाते, शेपूट वर्तुळ काढू लागते आणि फिरणे मंदावते. तो थोडा सोडला की फिरणे चटकन वेग धरते, गरगरणारी व्यक्ती हात जवळ घेते तेव्हा व्हावे तसे. मात्र तो शून्यावर आणू नये, कारण मग पंख पुन्हा हवा पकडतात आणि उरलेली फेरी रडर-एलेरॉनचा साधा रोल ठरते. अर्धे की एक तृतीयांश, हे प्रत्येक मॉडेलवर पंधरा-वीस प्रयत्नांनंतरच ठरते. पॉझिटिव्ह स्नॅप दोन्ही दिशांना हातात बसला, की मगच निगेटिव्हकडे वळावे. तिथे एलिव्हेटर ढकलायचा असतो आणि रडर व एलेरॉन परस्परविरुद्ध द्यायचे असतात : उजवीकडे फिरायचे असेल तर एलेरॉन उजवा आणि रडर डावा. उलट्या स्टॉलमध्ये ज्या बाजूला नाक वळते त्या बाजूचा पंख वर उचलला जातो, म्हणून असे होते. हे डोक्याला पटले तरी अंगठ्यांना पटायला वेळ लागतो, आणि त्यासाठी सिम्युलेटर उत्तम आहे. स्टॉल प्रत्यक्षात कसा वाटतो हे मात्र सिम्युलेटरवरून ठरवू नये.

डावा आणि उजवा स्नॅप सारखे येत नाहीत याचेही आश्चर्य वाटू नये. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची (प्रॉपेलरची) प्रतिक्रिया मॉडेलला डावीकडे कलवते, तर नाक झटक्याने वर करताना त्याच पंख्याचा जायरोसारखा परिणाम नाकाला उजवीकडे ढकलतो. एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे असलेल्या मॉडेलवर हा भेद बराच कमी होतो. इतरांनी दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत.

थांबवणे

एक फेरी पाऊण सेकंदात होत असेल, तर फिरण्याचा वेग सेकंदाला ४८० अंश होतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुमारे ०.२ सेकंद लागतात असे धरले, तरी तेवढ्या वेळात मॉडेल ९६ अंश पुढे गेलेले असते. म्हणून पंख आडवे दिसल्यावर स्टिक सोडणाऱ्याचे मॉडेल नेहमीच पाव फेरी पुढे जाऊन थांबते. थांबवण्याची कृती पाऊण फेरीच्या आसपास, अंदाजाने आणि तालाने सुरू करावी लागते. आधी एलिव्हेटर शून्यावर आणावा, म्हणजे पंख हवा पकडतात आणि फिरणे स्वतःच मोडते. लगोलग रडर आणि एलेरॉन मध्यावर आणावेत. रडरच्या बाजूला नाक थोडे रेंगाळत असल्यास विरुद्ध रडरचा अगदी छोटा टोला द्यावा. स्टिक बोटांतून सुटू देऊ नये. स्प्रिंगच्या जोराने ती मध्य ओलांडून टकटक करते आणि ती थरथर मॉडेलच्या शेपटीत हुबेहूब दिसते. स्टिक बोटांत धरूनच मध्यावर आणावी.

बाजूने वारा असताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मॉडेलचे नाक वाऱ्याकडे काही अंश वळवून आपण रेघ राखत असतो, आणि स्नॅपनंतरही नाक त्याच कोनात परतले पाहिजे. मैदानाच्या समांतर 'सरळ' थांबवलेले मॉडेल पुढच्या दोन सेकंदांत वाऱ्याबरोबर वाहून जाते आणि पुढची आकृतीही बिघडते.

स्वतःची परीक्षा घेण्यासाठी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करून घ्यावे. नाक सुटण्यापासून फिरणे सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस चौकटी मिळाल्या, तर ते अंतर दशांश सेकंदाचे आहे आणि तेवढे डोळ्यांना दिसते. पाच-सहाच चौकटी मिळाल्या, तर आपल्या 'ना' आणि 'गे' यांचा अजून 'धा'च वाजतो आहे.

रेघांवर आणि लूपच्या माथ्यावर

४५ अंशांच्या चढत्या रेघेवर स्नॅपनंतर वेग घटलेला असतो. त्यामुळे आधीची आणि नंतरची रेघ मनात आकडे मोजून सारखी करणाऱ्याची दुसरी रेघ नेहमी तोकडी पडते. लांबी डोळ्यांनीच मोजावी आणि थ्रॉटल फिरत असतानाच वाढवावा. उतरत्या रेघेवर उलट परिस्थिती असते : थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवावा, आणि वेग वाढत असल्यामुळे एलिव्हेटर किंचित कमी वेळ धरावा.

लूपच्या माथ्यावरचा स्नॅप, ज्याला अ‍ॅव्हलांच म्हणतात, सर्वांत शेवटी शिकावा. माथ्यावर मॉडेल उलटे असते आणि पॉझिटिव्ह स्नॅपसाठी खेचलेला एलिव्हेटर नाकाला लूपच्या आतल्या बाजूला, म्हणजे मॉडेल आधीच वळते आहे त्याच दिशेला नेतो. म्हणून नाक सुटलेले दाखवण्यासाठी तो झटका नेहमीपेक्षा तीक्ष्ण असावा लागतो, आणि वेग कमी असल्यामुळे तो लवकर सोडावाही लागतो. निगेटिव्ह निवडल्यास नाक बाहेरच्या बाजूला सुटून छान दिसते, पण लूपचा माथा फुगण्याची भीती राहते. स्नॅपचा मध्य माथ्याच्या मधोमध यायचा असेल तर सेकंदाला २० मीटर वेगाने पाऊण सेकंदात मॉडेल १५ मीटर सरकते, हे लक्षात घेऊन माथ्याच्या सात-साडेसात मीटर आधी हात हलायला हवा. दीडशे मीटरांवरून तो बिंदू दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या कॉलरला (कसरती पुकारणाऱ्या सहकाऱ्याला) मध्यखुणेच्या रेषेत उभे करून 'आता' म्हणायला सांगावे, आणि त्याच्या शब्दानंतर आपला हात किती उशिरा हलतो, हे त्याच २४० चौकटींच्या चित्रणात मोजून पुढच्या वेळी त्याला तेवढे आधी बोलायला लावावे.